तेल ते तेल नसतं!

मंडळी, आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडातले ढेकूण मारून झाले की विकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहावं असा दर वेळचा बेत असतो. या खेपेला जमणार नाही, कारण डोकं फिरलंय. विषय तेलकट आहे. डिफरन्शिअलमधलं तेल. ज्यांना यात रस नाही त्यांनी खुशाल चहा टाकायला उठावं. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर, पिकअप, जीप किंवा मागची चाकं ओढणारी एखादी झोकदार गाडी उभी आहे, त्यांनी मात्र बसून राहावं ही विनंती.

आमचं गाव निफाड तालुक्यात. पोटापाण्यासाठी पुण्यात कोड पाडतो, पण सुट्टी मिळाली की तिकडे. आणि तिकडे गेलं की गॅरेजपासून पारापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, टाका हो कुठलंही. तेल ते तेल. फक्त घट्ट बघून टाका." दोन बोटांत तेल धरायचं, चोळायचं, तार निघते का बघायचं, आणि मान डोलवायची. झाली परीक्षा! माझा या लेखातला दावा एवढाच आहे की हे वाक्य चुकीचं आहे, महागडं आहे, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत तर जिवावर बेतणारं आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर एक चाक घासत जाणार. म्हणून मधे डिफरन्शिअल. इंजिनकडून येणारा फिरता दांडा आडवा आहे, चाकांचा अक्ष त्याला काटकोनात. तो काटकोन वळवण्याचं काम क्राऊन-पिनियन करतात. छोटा पिनियन, मोठी क्राऊन. इंजिनची सगळी ताकद शेवटी या दोघांच्या मोजक्या दातांमधून जाते. इंजिनात तेल दाबाने पोचवायला पंप असतो, फिल्टर असतो. इथे बहुतेक वेळा काहीच नसतं. क्राऊन खालच्या तेलात बुडते आणि फिरता फिरता ते वर उडवते. जे उडालं ते नशीब. वर्षानुवर्षं कोणी झाकण उघडून बघत नाही.

आता खरी गोम. क्राऊन-पिनियन दिसायला सारखे असले तरी दोन जातींचे असतात. जुन्या पद्धतीच्या स्पायरल बेव्हलमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाला बरोबर मधे छेदतो. दात एकमेकांवर बऱ्यापैकी गोलाकार लोळतात. दुसरी जात हायपॉइड. यात पिनियन मधोमध नसतो, थोडा खाली सरकवलेला असतो. १९२६ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने ही रचना मोटारीत आणली. फायदे मोठे. प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो, गाडीची बैठक खाली येते, दात मोठे करता येतात, आवाज कमी होतो. पण फुकट काही मिळत नाही. हायपॉइडचे दात लोळता लोळता एकमेकांवर लांबीच्या दिशेने घसरतातही. प्रचंड दाब आणि त्यात घसरण. साधं तेल तिथून पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंडाला लोखंड चिकटून ओरखडे निघतात.

म्हणून अशा तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दातांचा स्पर्श होऊन ती जागा तापली की ही रसायनं पोलादाशी तिथल्या तिथे संयोग पावतात आणि एक पातळ थर तयार होतो. झिजतो तो थर, दात वाचतो. थर गेला की नवा बनतो. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर जो कुजकट वास येतो तो या गंधकाचा. तेल खराब झाल्याचं ते लक्षण नव्हे. आता मला सांगा, ही रसायनं तेलात आहेत की नाहीत, किती आहेत, हे दोन बोटांत चोळून कळतं? काकवीसुद्धा बोटांत तार धरते. तीच ओता ना मग क्राऊनमध्ये!

आता एकेक गैरसमज घेऊ.

पहिला: मोठा आकडा म्हणजे चांगलं तेल. डब्यावर 'एपीआय जीएल-४', 'एपीआय जीएल-५' असं लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यात एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा करार. इथे एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. पण गंमत अशी की अर्थ जवळपास तोच निघतो. हाही करारच आहे, तेल आणि गिअर यांच्यातला. आणि जीएल-५ ही जीएल-४ ची नवी आवृत्ती नाही. चार काढून पाच टाकलं की 'अपग्रेड' झालं असं इथे नसतं. जीएल-४ मुख्यतः हातगिअरच्या पेटीसाठी आणि मध्यम ताणाच्या गिअरांसाठी. जीएल-५ हायपॉइड अ‍ॅक्सलसाठी, त्यात ती रसायनं ढोबळमानाने दुप्पट.

मग दुप्पट रसायन गिअरपेटीत टाकलं तर काय बिघडलं? गिअरपेटीत सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात, बऱ्याचदा पितळेच्या. गिअर बदलताना या रिंगेने शेजारच्या पोलादी शंकूला घट्ट धरून वेग जुळवायचा असतो. म्हणजे तिला घर्षण हवंय. जीएल-५ चं कामच मुळी घर्षणाच्या जागी निसरडा थर बसवण्याचं. रिंग घसरते, गिअर करकर करून पडतो. शिवाय जुन्या काळची ही रसायनं तांब्या-पितळेला खायचीही. आजच्या चांगल्या तेलांत त्यावर उपाय असतो, पण घसरण्याचा प्रश्न तसाच राहतो. उलट बाजूने, हायपॉइड क्राऊनमध्ये जीएल-४ टाकलंत तर दातांना हवं ते संरक्षण मिळत नाही. थोडक्यात, चार कमी नाही आणि पाच जास्त नाही. ज्याचं त्याला द्यावं.

दुसरा गैरसमज: घट्ट तेल म्हणजे ताकदीचं तेल. आपल्याकडे 'नव्वद नंबर' आणि 'एकशेचाळीस नंबर' अशी नावं आहेत. लोकांना वाटतं इंजिनात चाळीसचं तेल, क्राऊनमध्ये नव्वदचं, म्हणजे हे दुप्पटीहून घट्ट. साफ चूक. दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. नव्वद नंबरचं गिअर ऑईल शंभर अंश सेल्सियसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स भरतं. इंजिन ऑईलचा चाळीसचा ग्रेड १२.५ ते १६.३ आणि पन्नासचा १६.३ ते २१.९. म्हणजे नव्वद नंबर हे जवळपास इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या घरातलंच. एकशेचाळीस मात्र खरोखर जाड, २४ च्या वर.

आणि आता निफाडची थंडी. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथला पारा दोन अंशांच्या आसपास आला होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा थंडीच्या दिवसांत राज्यभरच्या बातम्यांत असतोच. अशा पहाटे एकशेचाळीस नंबर म्हणजे गाळलेली काकवी. क्राऊन फिरते, पण तेलात नुसती एक चाकोरी पडते. बाजूचं तेल ती भरून काढायला लवकर येत नाही. पिनियनचं पुढचं बेअरिंग, जे उडालेल्या तेलाच्या भरवशावर असतं, ते तोवर कोरडं. गाडी जड ओढते आणि डिझेल तेल घुसळण्यात जातं. तेव्हा 'थोडं घट्ट टाकलं, बिघडलं काय' याचं उत्तर असं की पहिली काही मिनिटं रोज बिघडतं.

याचा अर्थ एकशेचाळीस वाईट असाही नव्हे. भर उन्हात कांद्याच्या गोण्या रचून लासलगावकडे जाणाऱ्या पिकअपचा अ‍ॅक्सल चांगलाच तापतो. पुस्तिकेत जड कामासाठी ८५डब्ल्यू-१४० चालेल असं लिहिलं असेल तर जरूर टाका. आणि हो, ७५डब्ल्यूचं महागडं तेल 'थंडीसाठी' घेणाऱ्यांनाही सांगतो. ८०डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे २६ अंशाला होते, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी ती लडाख नाही. निव्वळ थंडीपायी जादा पैसे मोजू नका.

तिसरा गैरसमज सगळ्यात घातक: गाडीचं तेल ट्रॅक्टरला चालतं. 'क्राऊन तो क्राऊन' म्हणे. अहो, बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शिअल, लिफ्टचं हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक, सगळे एकाच हौदातलं पाणी पितात. क्राऊन-पिनियन बहुधा स्पायरल बेव्हल, म्हणजे हायपॉइडइतकी तीव्र रसायनं लागतच नाहीत. पण त्याच तेलाला लिफ्टच्या पंपातून झटकन वाहायचं असतं. आणि त्याच तेलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्यांनी एकमेकींना नेमक्या जोराने धरायचं असतं, ना घसरून ना धक्के देऊन. म्हणून यूटीटीओ नावाची तेलाची वेगळी जात आहे. एकाच तेलाने चार नोकऱ्या करायच्या असतात, तिथे तुम्ही फक्त एकीत हुशार असलेला उमेदवार आणून बसवता.

आमच्या वस्तीवरच्या एका काकांच्या ट्रॅक्टरचं उदाहरण बघा. दुकानाचं नाव घेत नाही. ड्रममधलं सुटं नव्वद नंबर स्वस्तात मिळालं म्हणून तेल बदललं. काही दिवसांत ब्रेक दाबला की मागून घुंऽऽ असा आवाज आणि थरथर. पहाटे लिफ्ट उचलायला आळस. मिस्त्रीने ब्रेकच्या चकत्या बदलल्या. पुन्हा तेच. पुन्हा चकत्या. तेलाकडे कोणी बघेना, कारण तेल नवीन! शेवटी हौद रिकामा करून पुस्तिकेतलं तेल भरलं, पुन्हा एकदा चकत्या घातल्या, तेव्हा थांबलं. रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे. काकांचे पैसे गेले, बरं झालं फक्त पैसेच गेले. कारण त्याच दिवसांत ते कांद्याची भरलेली ट्रॉली घेऊन विंचूर रस्त्याने जात होते. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि समोर दिवा नसलेली सायकल, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला ब्रेकमधल्या तेलाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

चौथा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांचा, म्हणजे आपला. द्राक्षाचा हंगाम साधला की नवी गाडी येते, आणि गाडीबरोबर व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान. 'रेसवाले हेच टाकतात.' नाशिकच्या रॅलीत धुरळा उडवणाऱ्या जिप्सी आपण सगळ्यांनीच पोरवयात तोंड उघडं टाकून पाहिल्यात. पण त्या गाड्यांचं तेल ते लोक थोड्या थोड्या अंतराने उपसून फेकतात, आपण वर्षानुवर्षं ठेवणार. गरज वेगळी, तेल वेगळं.

खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये तेल निवडताना पाहायची गोष्ट तिचा वेग नाही, डिफरन्शिअलची जात आहे. साध्या उघड्या डिफरन्शिअलला सांगितलेल्या ग्रेडचं जीएल-५ पुरतं. पण लिमिटेड-स्लिप असेल, तेही चकत्यांच्या क्लचचं, तर तेलात घर्षण नेमकं राखणारं आणखी एक द्रव्य लागतं. ते नसेल तर पार्किंगमध्ये सावकाश वळताना मागून कटकट असे धक्के बसतात आणि चकत्या खराब होतात. उलट, तसलं तेल उघड्या डिफरन्शिअलमध्ये टाकल्याने ते लिमिटेड-स्लिप होत नाही! आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत बहुधा वेगळं 'डिफरन्शिअल ऑईल' नसतंच. चाकणला २०२२ पर्यंत बनलेली पोलो जीटी घ्या. पळायला कितीही चपळ असो, हातगिअरच्या अशा गाडीत डिफरन्शिअल गिअरपेटीच्या पोटातच, तेल दोघांना एकच. तिच्यात व्हिडिओ बघून जाड जीएल-५ ओतणारा माणूस आपल्या हाताने सिंक्रोनायझरचा बळी देतोय.

आता आक्षेप. पहिला ठरलेला: "पन्नास वर्षं असंच चाललंय." चालतंय, कारण डिफरन्शिअल दगडासारखं सोशिक आहे. चुकीचं तेल टाकल्यावर ते त्याच दिवशी बोंब मारत नाही. दोन-तीन हंगामांनी गुणगुणायला लागतं, मग एक दिवस भर हंगामात दात सोडतं. तोवर तेलाची गोष्ट सगळे विसरलेले. मग दोष कंपनीला, रस्त्याला, ड्रायव्हरला. आमच्या धंद्यात असे ढेकूण सर्वांत वाईट समजतात. चूक एका वर्षी आणि स्फोट तिसऱ्या वर्षी. 'आजवर कोसळलं नाही' हा ते बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: "पुस्तिका म्हणजे कंपनीची स्वतःचं महाग तेल खपवायची युक्ती." यात तथ्य आहे. पण पुस्तिकेत दोन गोष्टी असतात, ब्रँडचं नाव आणि तेलाचा दर्जा. ब्रँड विसरा, दर्जा धरा. तो दर्जा पुरा करणारं कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं सीलबंद तेल चालेल. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलला एखाद-दोन डब्यांचं काम. तिथे सुटं तेल घेऊन वाचतात ते पैसे चार माणसांच्या मिसळीचे. ट्रॅक्टरच्या सामाईक हौदाला चाळीस-पन्नास लिटर लागू शकतं, तिथे खर्च टोचतो हे मान्य. पण म्हणूनच तिथे चुकणंही तितकंच महाग.

आणि कंपन्यांना तरी मोकळं का सोडा? शेतकऱ्याला विकायच्या यंत्रावर तेलाचा ग्रेड मराठीत, ठसठशीत, भरायच्या तोंडापाशी कोरायला काय हरकत आहे? पुस्तिका पहिल्या वर्षी हरवते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा तर कागद म्हणजे फक्त आरसी. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांच्या आवारात हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगाच्या रांगा लागतात. तिथे भावाच्या फलकाशेजारी तेलाच्या जातींचा एक फलक लावला तर केवढं काम होईल. खर्च एका पत्र्याचा आणि रंगाचा.

पाण्याबद्दलही दोन शब्द. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून गाडी काढली असेल तर नंतर तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर तारीख न बघता बदला. आणि काढलेलं तेल कुठे जातं? कुंपणाच्या लाकडांना, नाहीतर ओढ्यात. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात ते नांदूर मध्यमेश्वर याच तालुक्यात आहे, २०२० साली महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे फोटो काढायला सगळे जातात. वरच्या अंगाला ओढ्यात ओतलेलं तेल शेवटी तिकडेच उतरतं. वापरलेलं तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जायला हवं. गॅरेजवाल्याला एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

याच तालुक्यात ओझर आहे. १९६४ पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं तिथे बांधली गेली. आमच्या आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं तिथे नोकरी करून निवृत्त झाली. त्यांना जरा विचारा, विमानात तेल दोन बोटांत चोळून टाकतात का? डब्यावरचा आकडा, नोंदवहीतला आकडा आणि सही जुळल्याशिवाय झाकण उघडत नाही. ही शिस्त ज्या मातीत साठ वर्षं नांदतेय, त्याच मातीत संध्याकाळी घरी आल्यावर "टाका हो कुठलंही"? याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तेल घ्यायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. माझ्या यंत्राला जीएल-४, जीएल-५ की यूटीटीओ? ग्रेड कोणता? डबा सीलबंद आहे का? दुकानदार "सगळं सेम असतं" म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. भरताना गाडी सपाटीवर उभी करा आणि लेव्हलच्या भोकापर्यंतच भरा. जास्त भरलं की फेस आणि सीलमधून गळती, कमी भरलं की बेअरिंग उपाशी. जुनं तेल काढताना चुंबकाच्या नटाला चिकटलेला चुरा बघा. करड्या मलमासारखा असेल तर नेहमीची झीज, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर मिस्त्रीला त्याच दिवशी दाखवा.

एप्रिलची छाटणी उरकली की ट्रॅक्टर जरा मोकळा होतो. तेव्हा पुस्तिका शोधा. सापडली नाही तर डीलरकडून तेलाच्या पानाचा फोटो मागवा आणि झेरॉक्स काढून गोठ्याच्या दाराला आतून चिकटवा. असो. हात तेलकट झाले, आता टंकणं पुरे. :-)